लंकेच्या खेड्यातले विहार : एक दिवसाची धम्मसहल



आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची भिशी दोन वर्षे चालली. ते पैसे भांड्याकुंड्यांत न घालवता श्रीलंका पाहायची असे ठरले आणि आम्ही अठरा जण निघालो. रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटरकाका, दवाखान्यात आयाचे काम करणाऱ्या मावशी, दोन शिक्षिका, चार शाळकरी मुले असा आमचा जथा. बहुतेकांचा हा पहिलाच विमानप्रवास. अनुराधपूरविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी फक्त कँडीजवळच्या खेड्यांत घालवलेल्या एका रविवारविषयी लिहिणार आहे. त्या दिवसाने आम्हाला आनंद दिला आणि विचारही करायला लावले.

कँडीचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब येथे आले होते. बौद्ध देशात धम्म कितपत जिवंत आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. आम्हीही ठरवले, नुसते हात जोडून परतायचे नाही. पाहायचे आणि विचारायचेही.

पांढऱ्या कपड्यांतली मुले

सकाळी सातला छोटी बस निघाली. आखातात नोकरी केल्यामुळे ड्रायव्हरदादांना हिंदी चांगले येत होते. कोलंबो रस्त्याने पिलिमतलावा गावापर्यंत गेलो. रस्त्याच्या कडेला पितळी समयांची दुकाने होती. तेथून आत वळलो आणि भातखाचरे, नारळ, सुपारी पाहून सगळ्यांना कोकणच आठवले.

वाटेत एका साध्या विहारात थांबलो. रविवार असल्यामुळे तेथे मुलांची धम्मशाळा भरली होती. सिंहली भाषेत तिला ‘दहम पासल’ म्हणतात. पांढरेशुभ्र कपडे घातलेली मुले ओळीने बसली होती. शिकवणारी गावातलीच तरुण मुले-मुली होती आणि ती पगार न घेता शिकवतात. त्रिशरण-पंचशील सुरू झाले, तशी आमची चार मुलेही हात जोडून त्यांच्या सुरात सूर मिसळू लागली. उच्चार थोडे वेगळे, शब्द मात्र तेच. मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. “यांची भाषा अक्षरभर कळत नाही गं, पण वंदना आपलीच आहे,” त्या म्हणाल्या.

सहा शतकांचे दगड

गडलादेणिय विहार एका विस्तीर्ण कातळावर उभा आहे. गंपोळा राज्याचा राजा भुवनेकबाहू चौथा याच्या काळात, १३४४ साली, तो बांधला गेला. बांधकाम दगडाचे, घडण दक्षिण भारतीय. कातळातल्या खळग्यांत पाणी साठते व त्यात कमळे फुलतात. शेजारीच चार बाजूंना चार छोटी मंदिरे असलेला स्तूप आहे आणि त्यावर चक्क छप्पर आहे.

तेथून जवळच लंकातिलक विहार. तोही १३४४ चाच, पण विटांचा. कातळात कोरलेल्या पायऱ्या चढून वर गेले की खाली सगळी हिरवी खाचरे दिसतात. कातळावर सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत शिलालेख कोरलेले आहेत. आत मकरतोरणाखाली भव्य बुद्धमूर्ती आहे. आम्ही चाफ्याची फुले वाहिली, दहा मिनिटे शांत बसलो.

मग बाहेरून फेरी मारताना पहिला धक्का बसला. त्याच इमारतीच्या भिंतींत देवांची देवळे! विष्णू आहे, बिभीषण आहे, गणपतीही आहे. आमच्यातली सातवीतली मुलगी पटकन म्हणाली, “बाई, तिसरी प्रतिज्ञा!” कोणीच हसले नाही. बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी आपल्याला का दिल्या, ते त्या पोरीला पुस्तकाबाहेर तेथे कळले.

ढोलकऱ्यांचा मंडप

दुपारी एका खाणावळीत लाल भात, डाळ, फणसाची भाजी आणि खोबऱ्याची तिखट चटणी असे जेवलो आणि एंबेक्के येथे गेलो. हे कतरगम देवाचे, म्हणजे आपल्याकडच्या कार्तिकेयाचे देवालय. चौदाव्या शतकात राजा विक्रमबाहू तिसरा याने ते बांधले. लाकडी खांबांवर हंस, मल्ल, नर्तकी, लेकराला पाजणारी आई असे अप्रतिम कोरीव काम आहे. छताच्या एका टोकाला सव्वीस वासे एकाच लाकडी खुंटीत अडकवले आहेत. फिटरकाका मान वर करून पंधरा मिनिटे पाहतच राहिले.

मावशींनी विचारले, “हा मंडप कशाला होता?” ड्रायव्हरदादा म्हणाले, “ढोल वाजवणाऱ्यांसाठी. त्यांची जातच वेगळी. बापानंतर मुलगा वाजवणार.” मग त्यांनी राजकारिय समजावून सांगितले. जमीन कसायला मिळायची आणि तिच्या बदल्यात नेमून दिलेली सेवा पिढ्यान्‌पिढ्या करावी लागायची. राजासाठीची ही सक्ती इंग्रजांनी १८३२ मध्ये बंद केली, पण देवळा-विहारांच्या जमिनींवरची सेवा चालूच राहिली.

काका हळूच म्हणाले, “म्हणजे आपले वतनच की!” महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. ज्या घरांनी वेसकरकी सोडली, हलगी खाली ठेवली, त्या घरांतले आम्ही त्या सुंदर मंडपात गप्प उभे राहिलो.

दोन उपाली

बसमध्ये शिक्षिकाताईंनी पुढचा इतिहास सांगितला. लंकेत भिक्खूंची उपसंपदा खंडित झाली होती. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली स्थविरांनी ती पुन्हा सुरू केली. त्यातून सयाम निकाय उभा राहिला. पण लवकरच त्याची दारे गोविगम या शेतकरी जातीखेरीज इतरांना बंद झाली. तेव्हा दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतले श्रामणेर समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तेथे उपसंपदा घेऊन आले आणि १८०३ मध्ये अमरपुर निकाय सुरू झाला. नाकारले म्हणून ते रडत बसले नाहीत!

तथागतांच्या संघातही एक उपाली होते. जातीने न्हावी. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्यांना दीक्षा मिळाली आणि पहिल्या संगीतीत विनय त्यांनीच सांगितला. एका उपालींना संघाने डोक्यावर घेतले आणि दुसऱ्या उपालींनी आणलेल्या परंपरेत जात शिरली. चूक धम्माची नव्हे, माणसांची.

यावर बसमध्ये चर्चा तापली. “यांच्यात अजून जात आहे!” असे एकाने तावातावाने म्हटले. तेव्हा मावशींनी विचारले, “आणि आपल्यात? सोयरीक जुळवताना ‘बौद्ध’ म्हटल्यावर पुढे ‘त्यातले कोणते?’ असे आपण विचारत नाही?” बस एकदम शांत झाली.

वाचकहो, बौद्ध देशात जन्मले म्हणून कोणी आपोआप बौद्ध होत नाही आणि दीक्षाभूमीला गेले म्हणूनही होत नाही. धम्म रोज पाळावा लागतो. लंकेकडून आम्ही रविवारची धम्मशाळा घेतली, जात तेथेच ठेवली. परत आल्यापासून आमच्या विहारात दर रविवारी सकाळी नऊला वर्ग भरतो. पहिल्या दिवशी सात मुले आली, आता तेवीस येतात. सोयरिकीतला तो प्रश्न मात्र अजून प्रत्येक घराने स्वतःला विचारायचा आहे.

जाणाऱ्यांसाठी : खांदे व गुडघे झाकणारे पांढरे कपडे घ्यावेत. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी कातळ फार तापतो, म्हणून मोजे जवळ ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. धम्मशाळा पाहायची असेल तर रविवारी सकाळीच निघावे.