गाठीला विचारलेले तीन प्रश्न

स्तनातल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचा चार मायक्रॉनचा काप काढतात. एका मिलिमीटरचे अडीचशे भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतका पातळ! त्यावर प्रतिपिंडं आणि रंगद्रव्य सोडलं की काही पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात. तपकिरी केंद्रकात इस्ट्रोजेनला धरणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, असतं. अशा गाठीला वाढायला हे हार्मोन लागतं, म्हणून त्याची वाट अडवणारी गोळी तिथे लागू पडते. शंभरात एक केंद्रक रंगलं, तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात.

हे कळायला किती काळ लागला! ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रीची अंडाशयं काढली आणि गाठी विरल्या. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे अनेकींवर तीच शस्त्रक्रिया झाली, पण गुण आला तो साधारण तिघींतल्या एकीला. ती कोण, हे आधी सांगता येत नव्हतं. उरलेल्या दोघींची अंडाशयं विनाकारण जात होती.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना टोचलं. स्नायूंमधून ते लवकर निघून गेलं, गर्भाशयात मात्र टिकलं. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं! तेच गाठीत शोधल्यावर बीटसन यांचं कोडं सुटलं: रिसेप्टर असलेल्या गाठींनाच बहुधा गुण येत होता.

इस्ट्रोजेनचा रिसेप्टर हा पहिला प्रश्न. दुसरा प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरचा. तिसरा हर-टू या प्रथिनाचा, आणि मला त्याची कहाणी सर्वांत विलक्षण वाटते. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं. १९८७ साली डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठी जास्त आक्रमक असतात. मग याच प्रथिनाला चिकटणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आलं आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या निकालाने डॉक्टर धास्तावत, त्याच निकालावर आज हे औषध सुरू होतं. हर-टूचा निकाल ‘२+’ आला तर मात्र निर्णय अधांतरी असतो. मग फिश चाचणीत जनुकाच्या प्रती मोजतात.

तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर ती गाठ ट्रिपल निगेटिव्ह. तिथे भिस्त मुख्यतः केमोथेरपीवर.

ही सगळी विद्या एका साध्या गोष्टीवर उभी आहे. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडायला हवा आणि सहा ते बहात्तर तास तिथे राहायला हवा. हयगय झाली तर असलेला रिसेप्टरही दिसेनासा होतो, आणि इस्ट्रोजेनची वाट अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या स्वस्त गोळीला ती बाई मुकू शकते. रोग पुन्हा उद्भवला तर उत्तरं बदललेलीही असू शकतात, म्हणून शक्य असेल तिथे नवा तुकडा तपासतात. घरात कुणावर ही वेळ आली, तर उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-टूचे निकाल विचारा, आणि तो अहवाल जपून ठेवा.