दहा हजारांत चार : हरितगृह वायूंची तोंडओळख

हवेच्या विषयावर बोलायला लागलं की श्रोत्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. कार्बन डायऑक्साइड हवेत असतो जेमतेम 0.04 टक्के. मग एवढासा वायू अख्ख्या पृथ्वीचं तापमान कसं बदलणार? प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे गेलो तर बाकीचं सगळं तुम्हाला श्रद्धेवर मानावं लागेल, आणि विज्ञानात ते चालत नाही. म्हणून आज एवढाच प्रश्न घेऊ.

आधी हिशेब मांडू. कोरड्या हवेतले दहा हजार कण मोजले, तर त्यात साधारण 7,808 रेणू नायट्रोजनचे, 2,095 ऑक्सिजनचे आणि 93 अणू आरगॉनचे निघतील. राहिले चार. ते कार्बन डायऑक्साइडचे. औद्योगिक क्रांतीच्या आधी हे तीनसुद्धा पुरते नव्हते, 2.8 होते. आज ते चाराच्या थोडे वर गेलेत.

आता बघा, सूर्याच्या प्रकाशाने जमीन आणि समुद्र तापतात. तापलेली वस्तू उष्णता बाहेर टाकते. पृथ्वी ती टाकते अवरक्त किरणांच्या रूपात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या. ते अवकाशात निघून जायला हवेत. वाटेत त्यांना अडवतं कोण, हा खरा मुद्दा.

अवरक्त किरण म्हणजे विद्युतक्षेत्राची लाट. तिला रेणूत पकडायला काहीतरी लागतं : रेणू हलताना त्याच्यातला विद्युतभार एका बाजूला झुकला पाहिजे. नायट्रोजनच्या रेणूत दोन सारखेच अणू. ते स्प्रिंगसारखे कितीही लांब-जवळ झाले, तरी दोन्ही बाजू समसमानच राहतात. ऑक्सिजनचंही तेच. आरगॉन तर एकटाच अणू, त्याच्यात कंप पावायला दुसरं कोणी नाहीच. कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र मधे कार्बन आणि दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, असे तीन अणू एका रेषेत असतात. हा रेणू मधे वाकतो. वाकला की कार्बन एकीकडे, ऑक्सिजन दुसरीकडे, आणि भाराचा तोल जातो. तिथेच लाट त्याला पकडते. साधारण 15 मायक्रोमीटर लांबीची लाट तो शोषतो, आणि पृथ्वी जी उष्णता बाहेर टाकते तिचा मोठा वाटा नेमका याच्या आसपास असतो. शोषलेली उष्णता मग सगळ्या दिशांना वाटली जाते. तिचा काही भाग परत खाली येतो.

म्हणजे या कामापुरते दहा हजारांतले 9,996 कण जवळजवळ नसल्यासारखेच. बादलीभर पाण्यात निळीचे दोन थेंब टाकले की सगळं पाणी निळं दिसतं. तिथे आपण विचारतो का, की एवढ्या पाण्यापुढे थेंब ते किती? पाण्याला रंगच नाही, त्यामुळे रंग ठरतो तो थेंबांवरून. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी एवढंच म्हणेन की ‘थोडं’ हा शब्द अपुरा आहे. कशाच्या मानाने थोडं, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

हे कोणी नुसतं बसून कल्पिलेलं नाही. 1859 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडाल यांनी नळीत एकेक वायू भरून तो किती उष्णता अडवतो ते मोजलं. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं की कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंशांच्या आसपास राहिलं असतं. आज ते 15 च्या जवळ आहे. तेव्हा हे वायू मुळात वाईट नाहीत. त्यांच्यामुळेच आपण आहोत.

इथे कोणी म्हणेल, बाष्प तर याहून जास्त उष्णता अडवतं. बरोबर आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी असली की पहाटे गारठा वाढतो, आणि ढग असले की ऊब राहते, हे आपण सगळेच जाणतो. पण बाष्प आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं. हवेत ते किती मावणार हे तापमान ठरवतं : एक अंश वाढला तर सुमारे सात टक्के जास्त. दुसऱ्या कोणी सुरुवात केली की ते त्यात भर घालतं.

मिथेन गुरांच्या पोटात, भातखाचरांत, कचऱ्याच्या ढिगांत तयार होतो. हवेतल्या रासायनिक क्रियांनी तो साधारण बारा वर्षांत मोडतो. कार्बन डायऑक्साइड तसा मोडत नाही. झाडं आणि समुद्र तो उचलतात, पण एक हिस्सा हजारो वर्षं हवेतच राहतो.

शेवटी एक साधं गणित घरी करून बघा. 12 ग्रॅम कार्बन जळताना 32 ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि 44 ग्रॅम वायू होतो. म्हणून पाऊण किलोसुद्धा न भरणाऱ्या एक लिटर पेट्रोलमधून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडी अर्ध्या तासात घरी पोचते. त्या वायूचा एक हिस्सा मात्र आपल्या पणतवंडांच्याही हवेत असणार आहे, आणि त्यांना आज कोणी विचारलेलं नाही.

समुद्र हा वायू उचलतो म्हणजे नेमकं काय करतो आणि त्याची किंमत कोण मोजतं, ते पुढच्या वेळी.