पाटी आधी वाचा

तालुक्याच्या गावात बँकेच्या दारावर रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांचा कागद लागला की संध्याकाळपर्यंत पारावर तीन बातम्या पोचलेल्या असतात. पैसे बुडाले, ही पहिली. प्रत्येक पावतीला पाच लाख मिळणार, ही दुसरी. तिसरी बातमी हळू आवाजात फिरते, कारण ती कर्जदारांची असते: चला, सुटलो एकदाचे! तिन्ही चूक आहेत, आणि तिन्हींच्या भरवशावर माणसं निर्णय घेतात.

पहिलीपासून सुरुवात करू. निर्बंध म्हणजे बँक बुडाली असं नव्हे. निर्बंधांत बँकेचा परवाना शाबूत असतो. नवीन ठेवी आणि कर्जं थांबतात, पैसे काढायला मर्यादा लागते. पुढे बँक सावरू शकते, दुसऱ्या बँकेत विलीन होऊ शकते किंवा तिचा परवाना रद्द होऊ शकतो. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ती बँक जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर 2017 मध्ये निर्बंध आले आणि डिसेंबर 2020 मध्ये तिचा परवानाच रद्द झाला.

कराडच्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की 99 टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. असा आकडा वाचला की हायसं वाटतं, पण तो नीट वाचायला हवा. ही टक्केवारी माणसांची आहे, पैशांची नाही. हजार-दोन हजार रुपयांचं बचत खातं असलेली शेतमजूर बाई या 99 टक्क्यांत असते. निवृत्तीची सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवलेले गुरुजी उरलेल्या एका टक्क्यात सापडतात. शिवाय निर्बंध आणि परवाना रद्द होणं यांत तीन वर्षं गेली. त्या काळात विम्याचा पैसा निघत नव्हता, कारण तेव्हाच्या कायद्यात बँक अवसायनात, म्हणजे गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेल्याशिवाय किंवा विलीन झाल्याशिवाय विमा लागूच होत नसे. एखाद्या घरातलं लग्न, दवाखाना, पेरणी तीन वर्षं थांबत नाही.

हे 1 सप्टेंबर 2021 पासून बदललं. आता निर्बंध लागले की 90 दिवसांत विम्याची रक्कम देणं बंधनकारक आहे: पहिल्या 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या 45 दिवसांत ठेव विमा महामंडळाने ती तपासून पैसे द्यायचे. विलीनीकरणाचा विचार चालू असेल तर ही मुदत आणखी 90 दिवसांनी वाढू शकते.

हा विमा कुठून आला, हे वऱ्हाडातल्या वाचकांना तरी माहीत असावं. 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, आणि त्या धक्क्यातून ठेव विम्याचा कायदा झाला. 1 जानेवारी 1962 ला हे महामंडळ सुरू झालं तेव्हा विम्याची मर्यादा होती 1,500 रुपये. सहकारी बँकांना त्यात घेण्याची सोय 1968 मध्ये झाली. 1993 मध्ये मर्यादा एक लाख झाली आणि तब्बल 27 वर्षं तिथेच राहिली. पाच लाखांचा आकडा 4 फेब्रुवारी 2020 पासूनचा. घरात जुनं पासबुक असेल तर त्यावर एक लाखाचा शिक्का दिसू शकेल. तो आता खरा नाही. हप्ता ठेवीदाराकडून घेतला जात नाही, बँक भरते. एप्रिल 2020 मध्ये हा दर शंभर रुपयांमागे वर्षाला 12 पैसे ठरला, म्हणजे लाखाला 120 रुपये.

आता दुसरी बातमी. पाच लाख हे पावतीमागे नाहीत आणि शाखेमागेही नाहीत. ते एका बँकेत एका माणसाला, एका नात्याने. गावातल्या शाखेत तीन लाख आणि तालुक्याच्या शाखेत तीन लाख, तरी मिळणार पाचच. मुद्दल आणि व्याज मिळून पाच, हेही विसरलं जातं. 4 लाख 80 हजारांच्या ठेवीवर 60 हजार व्याज साचलं असेल, तर वरचे 40 हजार विम्याबाहेर. तुमच्या एकट्याच्या मालकीचं दुकान असेल, तर दुकानाचं खातंही तुमच्याच नावात धरलं जातं. नवरा-बायकोचं संयुक्त खातं मात्र वेगळं मोजतात. त्यातही नावांचा क्रम बदलला तर ते आणखी वेगळं. त्याच बँकेचं कर्ज तुमच्याकडे थकलं असेल, तर ते वळतं करून मग रक्कम हातात पडते.

पाच लाखांवरच्या पैशाचं काय? तो बँक गुंडाळणाऱ्या अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून. त्या वसुलीतून महामंडळाचे पैसे आधी फेडले जातात. शेअर्सवाल्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी, आणि इथे अनेकजण फसतात. सहकारी बँकेतून कर्ज घेताना कर्जाच्या काही टक्के रक्कम अनेकदा भागभांडवल म्हणून कापली जाते. लोक तिला ठेवच समजतात. ती ठेव नाही, तिला विमा नाही.

सुटलो म्हणणाऱ्या कर्जदारांना थोडक्यात सांगतो. बँक गेली तरी कर्ज जात नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली मिळणारा वसुली दाखला अवसायकाच्याही कामी येतो. तारण दिलेलं घर, जमीन लिलावात निघू शकते, आणि सही केलेला जामीनदारही सुटत नाही.

पारावर जिची चर्चाच होत नाही, अशी एक समजूत राहिली, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तिनेच केलंय: पतसंस्था म्हणजे बँकच. काउंटर तसाच, पासबुक तसंच, पिग्मी गोळा करणारा पोरगा ओळखीतला, व्याज दोन टक्के जास्त. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत नाही आणि तिच्या ठेवीला हा विमा नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. ‘मल्टिस्टेट’ म्हणजे मोठी, म्हणून सुरक्षित, हा निव्वळ पाटीचा परिणाम. तिची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे असते, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. गावची विकास सोसायटीही विम्याबाहेर, जरी ती ज्या जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून पैसा आणते तिच्या ठेवींना विमा असला तरी.

आणखी एक गाठ आहे. पतसंस्था आपल्याकडचा पैसा एखाद्या बँकेत ठेवते. ती बँक बुडाली तर विम्याच्या हिशेबात पतसंस्था हा एकच ठेवीदार. तिचे दोन कोटी असोत, मिळणार पाच लाख. पतसंस्थेच्या सभासदांनी त्या बँकेचं नावही ऐकलेलं नसतं.

तेव्हा आज घरातल्या पावत्या काढा आणि वर छापलेलं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, तेवढं बघा. आणि तुमच्या बँकेवर निर्बंध आधीच लागले असतील, तर शाखेत जाऊन संमतीपत्र, ओळखीचे कागद आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर देऊन या. संमती दिल्याशिवाय विम्याचे पैसे खात्यात येत नाहीत.