भविष्यकाळाचं अक्षर, वय सत्तरीपार!

यानातला कॉम्प्युटर असो की चंद्रावरच्या कंपनीचा लोगो, सिनेमात 'पुढचा काळ' दाखवायचा म्हटलं की एक रुंद, ऐसपैस इंग्रजी अक्षर हमखास हजर होतं. नाव युरोस्टाइल. त्याची ही कुंडली!

जन्म दोनदा
तूरिनच्या नेबिओलो या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कंपनीत अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे यांनी १९५२ साली 'मायक्रोग्रामा' घडवला. टोकांना ना शेपट्या, ना नखरे. पण सगळी अक्षरं फक्त कॅपिटल! स्मॉल अक्षरांसाठी छापखान्यांना तब्बल दहा वर्षं थांबावं लागलं. १९६२ मध्ये नोव्हारेसेंनी ती जोडली आणि युरोस्टाइल अवतरला.

धड गोल नाही, धड चौकोन नाही
यातला 'ओ' नीट बघा. चारही बाजू किंचित फुगलेल्या, कोपरे अलगद वळलेले. जुन्या टीव्हीचा पडदाच जणू! गणितात अशा आकाराला सुपरएलिप्स म्हणतात. डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी स्टॉकहोममधल्या एका चौकासाठी तो सुचवला आणि गाजवला. ती गोष्ट १९५९ ची. शिशाच्या खिळ्यांवर मात्र हे वळण आधीच येऊन बसलं होतं.

थेट अंतराळात
१९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'त स्टॅन्ली क्युब्रिकनी यानातल्या पडद्यांवर युरोस्टाइल झळकवला. पुढे २००९ च्या 'मून'मध्येही चंद्रावर खाणकाम करणाऱ्या कंपनीने हाच निवडला. डेव्ह अ‍ॅडी यांनी तर सायफाय सिनेमांतल्या अक्षरांवर २०१८ मध्ये अख्खं पुस्तक काढलं. त्यात या ठळक, रुंद अक्षराचा मान मोठा!

फुगवटा हरवला, फुगवटा सापडला
खिळे गेले, कॉम्प्युटर आले आणि डिजिटल आवृत्त्यांमध्ये त्या नाजूक फुगीर बाजू सपाट झाल्या. अकिरा कोबायाशी यांनी मूळ खिळ्यांची वळणं समोर ठेवून २००८ मध्ये 'युरोस्टाइल नेक्स्ट' केला, तेव्हा कुठे अक्षरांचं गेलेलं बाळसं परत आलं.

रुंदीची किंमत
रुंद अक्षर जागा खातं. चार शब्दांत ओळ संपते. शिवाय 'ओ', 'डी', 'सी', 'जी' सगळे एकाच साच्यातले, त्यामुळे लांबलचक परिच्छेद वाचताना डोळे शिणतात. लोगो, घड्याळाची डायल, मशीनवरची पाटी, पोस्टरचं शीर्षक इथे मात्र याला तोड नाही.

आणि आपली देवनागरी?
रुंदीची हौस मराठीतही भागते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'अनेक' हा फॉन्ट देवनागरीसह दहा लिप्यांमध्ये आहे, अगदी चिंचोळ्यापासून ऐसपैसपर्यंत. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो. गणेशोत्सवाच्या पुढच्या बॅनरला जरूर वापरून बघा. फक्त शीर्षकापुरता, खालच्या वर्गणीदारांच्या यादीला नको!