भरलेल्या टाकीची भीती

नल्लकुंट्यात वाढलेल्या माणसाला पाण्याबद्दल एकच गोष्ट लहानपणापासून शिकवलेली असते: नळ आला की भरून ठेव. सम्प भरा, वरची टाकी भरा, ड्रम भरा, उरलंच तर बादल्या आणि घागरीही. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे रिकामी बादली दिसली की आजी अस्वस्थ होते. गोठण्याचा तर प्रश्नच नाही. हैदराबादेत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 6.1 अंश आहे, तेही 1946 च्या जानेवारीतलं.

पुण्याच्या माझ्या मावसभावाने, दादाने, एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅराव्हॅन केली आहे. आत झोपायच्या बर्थ, शेगडी, सिंक, छोटा शॉवर आणि गाडीच्या पोटाखाली पाण्याची टाकी. या नाताळच्या सुट्टीत तो वहिनी आणि दोन मुलांना घेऊन किन्नौरमार्गे स्पितीत काझाला जाणार आहे. काझा साधारण 3,650 मीटर उंचीवर आहे. त्या दिवसांत तिथे रात्रीचं तापमान उणे 15 च्याही खाली जातं. "तू फिजिक्सवाला ना, पाण्याचं सांग," असं म्हणून त्याने काम माझ्यावर टाकलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण पाइप फुटतो तो बहुतेकदा बर्फ झाला त्या जागी नाही. पाइपात बर्फाचं बूच बसतं, पुढचा नळ बंद असतो आणि मधे अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो. मग जो सांधा कच्चा असेल तो जातो. म्हणून गोठण्याच्या रात्री नळ उघडे ठेवायचे. घट्ट बंद केलेला नळ तिथे शत्रू.

दुसरं, टाकीपेक्षा पाइपांची काळजी जास्त करायची. शून्य अंशाचं एक लिटर पाणी गोठताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. त्यामुळे मोठी टाकी एका रात्रीत सहसा पूर्ण गोठत नाही. अर्ध्या इंचाच्या पाइपात मात्र मीटरभर लांबीला जेमतेम सव्वाशे मिलिलिटर पाणी मावतं. ते बघता बघता गोठतं. पंप, फिल्टर आणि गाडीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह यांचंही तेच. पाइपाला फोम गुंडाळला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. फोम उष्णता तयार करत नाही, फक्त जाणारी उष्णता थोडी रोखतो. दोन तास उशिरा गोठेल, एवढंच!

नळ रात्रभर बारीक सोडून ठेवायचा, ही थंड गावांतल्या घरांची युक्ती गाडीत चालत नाही. सकाळपर्यंत टाकी संपेल आणि खालची सांडपाण्याची टाकी गोठून बसेल.

म्हणून दादाला म्हटलं, रामपूर सोडण्याआधी गाडीतली सगळी पाण्याची व्यवस्था रिकामी कर. ड्रेन उघडायचा, सगळे नळ आणि शॉवर उघडायचे, गीझर रिकामा करायचा, पंप काही सेकंद कोरडा चालवून उरलेलं पाणी बाहेर काढायचं. फिल्टरची कांडी काढून आत उबेत ठेवायची. एकदा गोठलेल्या कांडीवर भरवसा ठेवू नये, आतल्या बारीक जाळीला तडा गेलेला दिसत नाही. सिंकखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी राहतंच, त्यात भरपूर मीठ घालायचं. इंजिनात घालतात ते कूलंट तिथे चुकूनही ओतायचं नाही, ते विषारी असतं.

मग प्यायचं काय? आपल्या गल्लीत फिरतात तसले 20 लिटरचे तीन कॅन, गाडीच्या आत, वर चार बोटं जागा सोडून. रोज ढाब्यावर किंवा मुक्कामाच्या घरी विचारून बादलीने भरायचे. रात्री उशाला ठेवायच्या बाटल्या उलट्या ठेवायच्या. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, त्याहून गार झालेलं वर येतं आणि बर्फ आधी वर धरतो. बाटली उलटी असेल तर तो बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. बर्फ वितळवायची वेळ आलीच, तर भांड्यात आधी थोडं पाणी घ्यायचं. कोरडं बर्फ टाकलं तर भांडं करपतं. आणि गाडी उबदार व्हावी म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दादा जरा हिरमुसला. एवढा शॉवर बसवला आणि वापरायचा नाही? पण स्पितीतल्या घरांतही हिवाळ्यात पाण्याशिवायचे कोरडे संडास वापरतात. तिथले लोक पाइपशी भांडत नाहीत.

परतताना रामपूरला उतरल्यावर टाकी पुन्हा भरायची, पहिलं पाणी सगळ्या नळांतून सोडून द्यायचं आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून तासभर बघायचं. बर्फ असेपर्यंत भेग गळत नाही. गळते ती वितळल्यावर.