माळ्यावरचा कॅमेरा आणि आतला रोल

(मरोळ येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन, काहीसे संक्षिप्त करून)

आज आधी रोल भरायचा कसा ते दाखवणार होतो, पण क्रम बदलतो. पहिल्या रांगेतल्या काकूंनी माळ्यावर सापडलेला कॅमेरा आणलाय. आगफा क्लिक थ्री. न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बडोद्यात बनवलेला. एके काळी आपल्याकडे कितीतरी घरांत हाच कॅमेरा असायचा. काकू तो मला उघडून दाखवणार होत्या, मी अक्षरशः त्यांचा हात धरला. (हशा) कारण मागच्या लाल खिडकीत ७ आकडा दिसतोय. म्हणजे आत रोल आहे आणि त्यावर सहा किंवा सात फोटो काढलेले आहेत. गावठाणातलं त्यांचं जुनं घर आता राहिलं नाही. त्याच घराचे फोटो यात असावेत, असं त्या म्हणतात.

तर हा आकडा येतो कुठून? १२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ साली आणला, आणि तो आजही मिळतो. ३५ एमएमची फिल्म डबीत असते. इथे डबी नाही. साधारण सहा सेंटीमीटर रुंद फिल्म, तिच्या पाठीला तिच्याहून लांब कागद, आणि दोन्ही मिळून एका रिळावर घट्ट गुंडाळलेले. कागदाची आतली बाजू काळी, बाहेरच्या बाजूला आकडे. उजेड अडवतात ते फक्त हा कागद आणि रिळाच्या दोन बाजूंच्या चकत्या. गुंडाळी सैल झाली की कडेने उजेड शिरलाच म्हणून समजा. आज मी जे काही सांगणार आहे, ते सगळं या घट्टपणासाठीच आहे.

कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, कारण याच रोलवर कुठला कॅमेरा ८ फोटो काढतो, कुठला १२, कुठला १६. खिडकी आपल्या कॅमेऱ्याला लागणाऱ्या ओळीसमोर असते. क्लिकमध्ये ६ बाय ६ सेंटीमीटरचे १२ फोटो. खिडकी लाल का, तर जुन्या काळच्या फिल्मला लाल उजेड कळत नसे. आजच्या फिल्मला कळतो! म्हणून चावी फिरवताना तेवढी खिडकी पाहायची, एरवी उन्हात तिच्यावर अंगठा किंवा काळी चिकटपट्टी.

आता काकूंचा रोल. या कॅमेऱ्यात फिल्म उलटी गुंडाळावी लागत नाही. ती एका रिळावरून सुटते आणि दुसऱ्यावर चढते, बस. म्हणून झाकण न उघडता चावी सावकाश फिरवायची. ८, ९, १० करत १२ येईल. तिथे थांबायचं नाही. कागदाचं शेपूट खिडकीतून निघून जाईपर्यंत आणि चावी एकदम हलकी लागेपर्यंत फिरवत राहायचं, वर आणखी दोन-तीन वेढे. बहुतेक रोल वाया जातात ते इथेच. १२ दिसला की लोकांना वाटतं झालं, आणि झाकण उघडतात.

मात्र जुना रोल अडला तर जोर लावू नका. आपल्या हवेत कितीतरी पावसाळे काढलेली फिल्म कागदाला चिकटलेली असू शकते, फाटेल. अशा वेळी कॅमेरा तसाच, न उघडता, रोल धुणाऱ्याकडे द्यायचा. तो अंधारात उघडेल.

(इथे चावी फिरवली गेली. अडली नाही.)

आता सावलीत उघडू. काही कॅमेऱ्यांचं मागचं झाकण निघतं, काहींचा आतला सांगाडाच बाहेर येतो. भरलेलं रीळ बाहेर काढताना अंगठ्याने दाबून धरा. शेपटाचं टोक दुमडा आणि डिंकाची पट्टी ओली करून चिकटवा. पट्टी जुनी आहे, धरणार नाही, म्हणून वरून रबरबँड. रोल फॉइलमध्ये गुंडाळून काकूंकडे देतो. आकृत्या उमटतील का? सांगता येत नाही. इतक्या वर्षांत फिल्म धुरकट होते, कागदावरचे आकडेही कधी कधी तिच्यावर उतरतात. पण रोल कृष्णधवल असेल तर आशा जास्त.

नवा रोल भरणं याहून सोपं. रिकामं झालेलं रीळ चावीच्या बाजूला न्या. हे रीळ फेकलं तर पुढचा रोल कशावर चढवणार? नवा रोल फ्रिजमधला असेल तर पाकीट फोडायची घाई नको. जुलैतल्या मुंबईत गार फिल्मवर लगेच दव धरतं, म्हणून आधी पाकिटातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग रोल रिकाम्या जागेत बसवा, कागदाची पट्टी तोडा, जीभ ओढून समोरच्या रिळाच्या फटीत सरळ घाला. काळी बाजू भिंगाकडे. जीभ तिरकी गेली की कागद एका चकतीवर चढतो आणि दुसरीकडे फट पडते. एक-दोन वेढे देऊन कागद ताठ झाला की झाकण लावा.

कुणीतरी विचारलं, फिल्म कागदाला एकाच टोकाला का चिकटवलेली असते? गुंडाळताना फिल्म आतल्या बाजूला, कागद बाहेर, त्यामुळे दोघांना लागणारी लांबी थोडी वेगळी. दोन्ही टोकं बांधली तर मध्ये फुगवटा येईल.

झाकण लावल्यावर बराच वेळ नुसता कागद सरकतो, मग खुणा दिसतात, मग १. तिथे थांबा. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत खटका आणि चावी यांचा एकमेकांशी संबंध नसतो, त्यामुळे पुढे न सरकवता दाबलं तर एकावर एक दोन फोटो. मी फोटो काढल्या काढल्या लगेच पुढचा आकडा आणून ठेवतो. काकूंच्या घरात कोणती सवय होती, त्यावर सहा फोटो की सात हे ठरेल.