मत्स्यखाद्यातील जीवनसत्त्वे : उणीव कोठे पडते व ती कशी टाळावी

मासे व कोळंबी यांच्या वाढीसाठी प्रथिने, स्निग्ध पदार्थ व पिष्टमय पदार्थ लागतात, हे मत्स्यशेती करणाऱ्या बहुतेकांस ठाऊक असते. याखेरीज त्यांना जीवनसत्त्वेही लागतात. बहुतेक जीवनसत्त्वांची गरज इतकी अल्प असते की, ती एक किलो खाद्यास काही मिलिग्रॅम अशीच मोजली जाते. परंतु तेवढाही पुरवठा न झाल्यास पोटभर खाऊनही मासा खुरटतो व रोगास लवकर बळी पडतो.

जीवनसत्त्वे वेगळी द्यावीत की नाही, हे तळ्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. गावतळ्यात रोहू, कटला व मृगळ विरळ सोडले असतील आणि शेणखत देऊन पाण्यात प्लवंग पोसले असेल, तर जीवनसत्त्वांचा मोठा वाटा या नैसर्गिक अन्नातूनच मिळतो. भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड ही तेथे पूरक अन्ने होत. अशा तळ्यात जीवनसत्त्वांच्या पुड्यांवर पैसा खर्च करण्याचे सहसा कारण नसते. जलाशयातील पिंजऱ्यात पंगस किंवा तिलापिया दाटीने वाढविला, अथवा खाडीकाठच्या तलावात व्हनामी कोळंबी दाट सोडली, म्हणजे मात्र नैसर्गिक अन्न पुरे पडत नाही. तेथे खाद्यात जे नाही, ते जनावरासही मिळत नाही.

सर्वांत आधी उणीव भासते ती बहुधा 'क' जीवनसत्त्वाची. गाय, म्हैस व शेळी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. बहुतेक संवर्धित माशांना व कोळंबीला ते तयार करता येत नाही. हाडे, कूर्चा व कातडी यांना बळकटी देणारे तंतू तयार होण्यास ते आवश्यक असते. सायप्रिनस माशास एक किलो खाद्यात ते सुमारे ४५ मिलिग्रॅम लागते. उणीव पडल्यास माशाचा कणा वाकतो, कातडीखाली व परांच्या बुडाशी रक्त साकळते आणि जखमा लवकर भरत नाहीत. कोळंबीच्या कवचाखाली काळे डाग दिसू लागतात. वाकलेला मासा पुन्हा सरळ होत नाही आणि बाजारात त्यास भावही येत नाही. मात्र कणा वाकण्यास इजा, विषारी द्रव्ये वा जन्मजात दोष हीदेखील कारणे असू शकतात. काळे डाग जिवाणूंमुळेही पडतात. म्हणून अशी लक्षणे दिसताच मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यास नमुना दाखवावा.

खाद्य जुने झाल्यानेही उणीव उत्पन्न होते. 'क' जीवनसत्त्व उष्णता, ओल व हवा यांमुळे नाश पावते. साध्या स्वरूपात घातलेले हे जीवनसत्त्व खाद्याच्या गोळ्या बनविताना व पुढे साठवणीत बरेचसे नाहीसे होते. फॉस्फेटयुक्त स्वरूपातील पुष्कळ अधिक टिकते. 'ई' जीवनसत्त्वाचा शत्रू म्हणजे खवट तेल. जपानात रेशीमकिड्यांचे खवट कोष खाऊन कार्प माशांची पाठ खंगत असे. हा रोग 'ई' जीवनसत्त्व दिल्याने टळतो, असे १९६० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले.

कच्ची मासळी खाऊ घालणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही जातींच्या कच्च्या माशांत 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. सतत अशीच मासळी दिल्यास माशांची भूक मंदावते व ते वेडेवाकडे पोहू लागतात. मासळी शिजवून दिल्यास हे द्रव्य निकामी होते.

उणिवेइतकाच अतिरेकही वाईट. 'अ' व 'ड' ही जीवनसत्त्वे शरीरातील चरबीत साठतात व प्रमाणाबाहेर गेल्यास अपाय करतात. चांगल्या प्रतीच्या तयार खाद्यात जीवनसत्त्वे घातलेलीच असतात. त्यावर आणखी 'टॉनिक' देणे बहुधा व्यर्थ ठरते.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) खाद्य घेताना पोत्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी व त्यात कोणती जीवनसत्त्वे आहेत, याची चौकशी करावी.

(२) दोन-तीन महिन्यांत संपेल इतकेच खाद्य आणावे. पावसाळ्यात त्याहूनही कमी आणावे. आधी आलेले पोते आधी वापरावे.

(३) पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर व सावलीत रचावीत. बुरशी आलेले वा खवट वास येणारे खाद्य कोणत्याही जनावरास घालू नये.

(४) अधिकाऱ्याच्या सल्ल्याने जीवनसत्त्वाची भुकटी द्यावयाची झाल्यास ती थोड्या खाद्यतेलात कालवून गोळ्यांना चोळावी व सावलीत सुकवावी. भुकटी तलावात फेकल्यास ती पाण्यात विरून जाते.

(५) कोळंबी सावकाश कुरतडून खाते. तेवढ्या वेळात विरघळणाऱ्या गोळ्यांतील जीवनसत्त्वे पाण्यात निघून जातात. म्हणून पाण्यात टिकणारे खाद्य निवडावे व ते दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे द्यावे.

ग्रामसेवकांनी तळ्यास भेट देताना पाणी व मासे यांबरोबरच खाद्याची कोठीही अवश्य पाहावी. ताजे खाद्य व कोरडी कोठी यांसाठी फारसा वेगळा खर्च येत नाही. उलट त्यांच्याअभावी महागडे खाद्यही निःसत्त्व होते आणि हे नुकसान मासे बाजारात नेईपर्यंत पुष्कळदा लक्षातही येत नाही.